थोरल्या दिरांचा फोन

“सोंग हाय, डाक्टर. सोयीचं तेवढं ऐकाय येतंय तिला.”

आबा हे वाक्य माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले. ज्यांच्याविषयी म्हणाले त्या हौसाबाई त्यांच्याजवळच, पण भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आबा त्यांचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर तोंड करून बसायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. तिसऱ्या खुर्चीत हौसाबाईंचा मुलगा प्रकाश मोबाइलवर बोट सरकवत होता. आपली आई सोंग करते की नाही, याबद्दल त्याचं काही मत असल्याचं दिसत नव्हतं.

मी डॉक्टर नाही. ऑडिओलॉजिस्ट आहे. माणसाला किती ऐकू येतं ते तपासतो, कर्णयंत्र निवडतो आणि त्याच्या कानाला जमेल असं लावून देतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत पहिल्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. ‘मला डॉक्टर म्हणू नका’ हे सांगणं मी फार पूर्वी सोडलं. ज्यांना आपल्या घरातल्या माणसाचंच नीट ऐकायचं नसतं, ते माझी पदवी काय ऐकणार?

“मग काय करायचं म्हणता?” मी आबांना विचारलं.

“करायचं काय? तुमी तपासा आन् सांगा, मशीनचा उपेग न्हाय म्हणून. विषय मिटला. मळ्यातलं घर बंद करायचं, म्हस इकायची, आन् हिनं पोराकडं येऊन ऱ्हायाचं. फोनवर धड बोलाय येत न्हाय, तिनं एकटीनं मळ्यात ऱ्हाऊन करायचं काय?”

हौसाबाईंनी भिंतीकडे बघतच डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला.

हौसाबाईंचं घर गारगोटीच्या बाहेर, मळ्यात. नवरा गेल्यापासून त्या तिथं एकट्या राहतात. गोठ्यात एक म्हैस. सकाळ-संध्याकाळ धार काढायची, दूध संस्थेत घालायचं, वैरण करायची, शेजारच्या वस्तीवरच्या बायकांशी बांधावर उभं राहून बोलायचं. प्रकाश कोल्हापुरात एका फौंड्रीत नोकरीला. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथं म्हैस जात नाही आणि बांधही नाही.

आबा गारगोटीत, बाजारपेठेच्या मागं राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. धाकटा भाऊ गेल्यावर त्याच्या बायकोची जबाबदारी आपली, असं त्यांनी ठरवलं आणि रोज दिवेलागणीला तिला फोन करायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. अडचण एवढीच, की इतक्या वर्षांच्या संसारात हे दोघं एकमेकांशी थेट एक वाक्यही बोललेले नव्हते. मधे नेहमी कुणीतरी असायचं. नवरा, सासू, नाहीतर पोर. “आबास्नी म्हणावं, च्या झालाय,” असं भिंतीला सांगायचं आणि भिंतीपलीकडून आबांनी खाकरायचं. मोबाइलमध्ये मधे कुणाला उभं करायची सोय नाही.

हौसाबाईंना ऐकू कमी येतं हे घरच्यांच्या लक्षात आलं तेव्हा गारगोटीत एक शिबिर भरलं होतं. मोफत तपासणीचं. मोफत होती ती तपासणी. यंत्र मोफत नव्हतं. टाय लावलेल्या दोन तरुणांनी प्रकाशला त्यांच्याकडचं सगळ्यात महागडं यंत्र दाखवलं. “सर, यात ब्लूटूथ आहे. फोन डायरेक्ट कानात.” प्रकाशने घेतलं. कोल्हापूरच्या माणसाला ‘टॉप मॉडेल’ म्हटलं की पुढचं ऐकू येत नाही. तो वेगळा बहिरेपणा, त्यावर यंत्र नाही.

हौसाबाईंचा फोन साधा, बटणांचा. शेणामातीच्या हातांना तोच बरा. त्याला ते ब्लूटूथ जोडता येईना. म्हणून त्या तरुणांनी ते प्रकाशच्या फोनला जोडून दिलं आणि शिबिर आटोपलं. आईचं यंत्र गारगोटीत आणि त्याचा फोन कोल्हापुरात. एकदा त्या प्रकाशकडे आल्या होत्या, तेव्हा फौंड्रीतल्या साहेबाचा फोन थेट त्यांच्या कानात गेला. देवापुढं निरांजन लावता लावता त्यांनी साहेबाच्या शिव्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या. त्या यंत्राच्या ब्लूटूथचा झालेला उपयोग एवढाच. विकणाऱ्या तरुणांचा नंबर नंतर कधी लागला नाही. कर्णयंत्र विकणारा माणूस फोनवर सापडत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना विनोद आहे आणि तो कुणी मुद्दाम केलेला नाही.

मग ते माझ्याकडे आले. हे पावसाळ्याच्या सुरुवातीचं. मी यंत्राचा आवाज त्यांच्या कानाला जुळवून घेतला आणि फोन कसा धरायचा ते दाखवलं. बहुतेक लोक इथंच चुकतात. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा माइक कानाच्या भोकात नसतो. तो कानाच्या वर, मागच्या बाजूला असतो. त्यामुळे फोन नेहमीसारखा कानाला लावला तर यंत्राला काही कळतच नाही. फोनचं ऐकायचं टोक जरा वर, केसांच्या कडेला धरायचं. हौसाबाईंना हे लगेच जमलं. घरच्यांना जमलं नाही. “आई, फोन कानाला लावा की, कपाळाला काय लावताय?” म्हणून सून हसली. नातवंडं हसली. शेवटी मी प्रकाशला फोन करून सांगितलं, की हसायचंच असेल तर तुमच्या टॉप मॉडेलला हसा.

त्यानंतर सगळं ठीक होतं. प्रकाशचा फोन आला की त्या बोलत. मुलीचा, संस्थेच्या सचिवाचा, शेजारणीचा, सगळ्यांचा फोन नीट ऐकू येई. फक्त आबांचा येत नसे.

आबा विचारत, “जेवलीस का?” त्या म्हणत, “व्हय.” ते विचारत, “कडी घातलीस का?” “व्हय.” कितीतरी दिवस हे असं चाललं आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण घरातल्या बाईनं थोरल्याला ‘व्हय’ म्हणायचंच असतं. मग एका संध्याकाळी आबांना फोनमध्ये कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. त्यांनी विचारलं, “कोण आलंय का?” “व्हय.” “वळखीचं न्हाय?” “व्हय.” “चोर हाईत काय गं?” “व्हय.”

आबांनी गल्लीतली माणसं गोळा केली. काठ्या, विळे, एक जुनी भरमार बंदूक, दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो असं सगळं मळ्यात पोचलं. हौसाबाई गोठ्यात धार काढत होत्या. एवढी माणसं बघून त्यांनी पहिल्यांदा पदर घेतला आणि मग चहाला दूध पुरेल का याचा हिशेब केला. म्हैस मात्र बिथरली आणि दुधाची बादली उपडी झाली.

गल्लीत हसं झालं. आबांच्या वयाच्या माणसाला हसं होणं सोसत नाही. ज्याचं हसं होतं तो दुसऱ्याला वेडा ठरवतो. आबांनी हौसाबाईंना ठरवलं. आणि म्हणून ही मंडळी आज माझ्यासमोर बसली होती.

मी आबांना आणि प्रकाशला बाहेर बसायला सांगितलं. तपासणीच्या वेळी नातेवाईक आत असले की ते उत्तरं सांगतात, नाहीतर खाणाखुणा करतात. काही जण पेशंटऐवजी स्वतःच मान हलवतात. दार लागलं तसा हौसाबाईंचा पदर खांद्यावर आला. मी यंत्र तपासलं. माइकची जाळी साफ, बॅटरी ठीक. शब्द ऐकवले, त्यांनी बरोबर सांगितले. मी पलीकडच्या खोलीत जाऊन त्यांच्या फोनवर फोन केला.

“मावशी, म्हैस किती दूध देते?”

“कवा? सकाळी का सांजचं?” त्यांनी उलट विचारलं. मग वैरण बदलल्यापासून काय झालं, संस्थेत फॅट कशी लागते, आणि जावेची रेडी कशी याच म्हशीच्या पोटची, हे सगळं सांगितलं. फोन मलाच बंद करावा लागला.

यंत्रात दोष नव्हता. कानात जो होता तो यंत्राने भरून काढला होता. मी आबांना आत बोलावून तसं सांगितलं.

“तेच म्हणतोय मी,” आबा म्हणाले. “तुमच्यासंगं बोलत्या, पोरासंगं बोलत्या. माझाच फोन कसा ऐकाय येत न्हाय? मी काय कानडीत बोलतोय व्हय? थांबा, तुमच्यासमोरच दाखवतो.”

ते जिना उतरून खाली चहाच्या गाड्यापाशी गेले. हौसाबाईंचा फोन वाजला. त्यांना स्क्रीनवरची नावं वाचता येत नाहीत, म्हणून प्रकाशने आबांच्या नंबराला आरतीची धून लावून दिली होती. त्यांनी फोन उचलला. मी शेजारी उभा राहून माझ्या टॅबवर यंत्राचा आलेख बघत होतो. आबांचं बोलणं ऐकायला मला फोनची गरज नव्हती. ते खिडकीतून सरळ वर येत होतं.

“जेवलीस का?”

“व्हय.”

“आत्ता सकाळची कुठली जेवलीस?”

“व्हय.”

“काल गगनबावड्याला गेलतीस काय?”

“व्हय.”

गाड्यावरची दोन माणसं हसल्याचं ऐकू आलं. मग आबांनी आवाज जरा खाली घेतला, तरी तो रस्ताभर पुरेल एवढा होताच.

“उद्या घर बंद करायचं. म्हस इकायची. चालंल न्हवं?”

“व्हय,” हौसाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आबा वर आले ते निकाल लागल्यासारखे. “झालं? ऐकलासा? तिनंच व्हय म्हणलं. आता माझ्या डोक्याला ताप न्हाय.”

“आई हो म्हणाली ना, मग बरंच झालं,” प्रकाश म्हणाला. त्यानं मोबाइलमधून मान वर काढली ती या एका वाक्यासाठी. आपल्या आईने कशाला हो म्हटलं, हे तिला कळलंय का, असा प्रश्न या दोन शिकलेल्या माणसांना पडला नाही. त्यांना ‘हो’ मिळालं होतं. ते कसं मिळालं, याची चौकशी लोक करत नाहीत.

मी प्रकाशला जिन्यात पाठवलं आणि तिथून आईला फोन करायला सांगितला. आबांना बाहेरच्या बाकावर बसवून दार लावलं. “आई, आज वैरण कुणी घातली?” त्याने विचारलं. हौसाबाईंनी शेजारणीचं नाव सांगितलं, आणि “पर ती पेंड इसरती, तिला फोन कर जरा,” असंही बजावलं. बाहेरून दाराच्या फटीला कान लावून बसलेले आबा ओरडले, “बघा! सोंग!”

एकच कान, एकच यंत्र, एकच फोन. एका माणसाचं ऐकू येतं, दुसऱ्याचं नाही. आणि ज्याचं ऐकू येत नाही त्याचा आवाज अख्ख्या पेठेत सगळ्यात मोठा.

क्लिनिकच्या बाहेरच्या टेबलावर वसुधा बसायची. माझी पत्नी. ती गेली त्याला वर्ष व्हायचं आहे. अपॉइंटमेंट ती लिहायची, पण तिचं खरं काम बसून माणसं बघणं हे होतं. पेशंट आत येण्याआधी ती मला दोन वाक्यं सांगायची. “सून बोलतेय तेव्हा म्हातारा मुद्दाम दुसरीकडे बघतो.” “या बाईंना ऐकू येतं, पण वाचता येत नाही, ते लपवतायत.” मी आलेख बघायचो. ती गेल्यावर भेटायला आलेले बरेच लोक मला सांगून गेले, की आता कामात मन रमवा. जणू काम म्हणजे भिंत, आणि वसुधा तिच्या पलीकडे राहिली. तिच्याशिवाय माझं काम अर्धं झालं आहे, हे या लोकांना कसं कळावं? त्यांनी तिला कधी काम करताना पाहिलंच नव्हतं; त्यांच्या लेखी ती नुसती बसायची.

मी टॅब बंद केला. आबांना म्हटलं, पुन्हा एकदा खाली जाऊन फोन करा.

“आता आनि कशापायी?”

“माझ्यासाठी.”

पुटपुटत ते उतरले. या वेळी मी हौसाबाईंसमोर बसलो आणि नुसतं बघितलं.

आरतीची धून वाजली. हौसाबाईंनी फोन उचलण्याआधी पाठ सरळ केली. पाय खुर्चीखाली घेतले. पदर डोक्यावर घेतला, दुहेरी करून कानाखालपर्यंत ओढला आणि त्याची कड हातात घट्ट धरली. त्याच हातात फोन. मग हिरवं बटण दाबलं. फोन, तळवा आणि कापडाची दुहेरी घडी, सगळं बरोबर यंत्राच्या माइकवर दाबलेलं. यंत्र बारीक शीळ घालायला लागलं. माइक झाकला गेला की ते तसं करतं. त्यात कापडाची खसखस. आतून काय ऐकू येत असेल, तर कडब्याच्या गंजीत बसून ऐकावं तसं.

“व्हय,” हौसाबाई म्हणाल्या. “व्हय. व्हय.”

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, “मावशी, पदर का घेतला?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. “थोरलं भावजी हाईत की.”

“ते खाली गाड्यावर आहेत. त्यांना तुम्ही दिसत नाही.”

“त्यास्नी न्हाय दिसत,” त्या म्हणाल्या. “मला म्हाईत हाय की, कोण बोलतंय ते.”

मी दुसरा प्रश्न विचारला. “ऐकू येत नाही, तर ‘आँ?’ तरी म्हणावं. सगळ्याला व्हय का म्हणता?”

“थोरल्या मानसाला आँ कसं म्हणायचं? आन् न्हाय तर कवाच म्हणलं न्हाय.”

“मावशी, मघाशी त्यांनी विचारलं, उद्या घर बंद करू का, म्हैस विकू का. तुम्ही त्याला व्हय म्हणालात.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “कवा इचारलं?”

“पहिल्या फोनला.”

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, “तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत न्हाय ओ. पान्हाच सोडत न्हाय.” घराविषयी त्या बोलल्याच नाहीत. म्हशीचं सांगितलं की घराचं आलंच, असं त्यांना वाटलं असावं.

मी प्रकाशला आत घेऊन प्रकार सांगितला. तो हसला. “काय आई! आजच्या काळात कोण घेतं पदर? काढून टाक की.” आबा घरी आले की याचीच बायको गाऊन बदलून साडी नेसते आणि तेही यानंच सांगून, हे मला त्याच्या आईकडून नंतर कळलं. दुसऱ्याच्या डोक्यावरचा पदर काढून सुधारक होणं स्वस्त पडतं. आबांसमोर जाऊन “फोनवर तिला पदर घ्यायला लावू नका” असं म्हणायला मात्र तो तयार नव्हता. “तुम्हीच सांगा ना डॉक्टर.”

“मग स्पीकरवर टाकायचा,” त्याने दुसरा उपाय काढला.

“व्हय, आन् साऱ्या वस्तीला ऐकू दे थोरलं भावजी काय बोलत्यात,” हौसाबाई म्हणाल्या. प्रकाशचं त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.

मला पदर काढायला लावायचा नव्हता. तो माझा धंदा नाही. कानावर पदर असताना ऐकू कसं येईल, हा माझा धंदा आहे. आणि त्याची सोय त्या यंत्रात आधीपासून होती. विकणाऱ्यांनी ती सुरूच केली नव्हती.

अनेक यंत्रांत तारेचं एक बारीक वेटोळं असतं. त्याला टेलिकॉइल म्हणतात. माइक हवेतला आवाज पकडतो. हे वेटोळं आवाज पकडत नाही. फोनच्या स्पीकरमध्ये जे चुंबक असतं, त्याची थरथर पकडतं आणि तिचा आवाज करून कानात सोडतं. तेवढा वेळ माइक बंद. माइक बंद म्हणजे शीळ बंद, कापडाची खसखस बंद, खालची वाहनं बंद. आणि चुंबकाला पदर आडवा येत नाही. सगळ्याच फोनवर हे चालतं असं नाही. प्रकाशच्या महागड्या फोनवर आम्ही करून बघितलं, तर नुसती भुणभुण आली. आईच्या बटणांच्या फोनवर स्वच्छ चाललं. टॉप मॉडेलचा मुद्दा मी मुद्दामच पुन्हा काढला नाही. प्रकाशने फोन खिशात ठेवला तेवढं पुरे होतं.

त्या कंपनीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. मी टेलिकॉइल सुरू केली आणि यंत्राच्या बटणावर बसवली. एकदा दाबलं की फोनसाठी, पुन्हा दाबलं की नेहमीसारखं. हौसाबाईंनी पदर घेऊन, पदराखालून बोट घालून ते बटण शोधायचा सराव केला. म्हशीच्या सडाची सवय असलेली बोटं. न बघता सापडायला वेळ लागला नाही. फोन कुठं धरला की आवाज भरून येतो तेही त्यांनी सरकवून सरकवून हेरलं.

“आणि ऐकू आलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं,” मी म्हटलं.

“ते न्हाय जमायचं.”

“मग गप्प बसा. पण व्हय म्हणू नका.”

यावर विचार करून त्यांनी मान हलवली. गप्प बसणं रिवाजात बसत होतं.

आबांना तिसऱ्यांदा खाली पाठवणं सगळ्यात अवघड गेलं. “मी काय पोस्टमन हाय व्हय, जिनं चढाय-उतराय?” मी म्हटलं, शेवटचं. या वेळी तुम्हाला हवं ते विचारा. या वेळीही त्यांना कळलं नाही, तर यंत्राचा उपयोग नाही असं मी स्वतः सांगेन. हे ऐकल्यावर ते उतरले. माणूस जिंकायला निघाला की गुडघे दुखत नाहीत.

आरतीची धून वाजली. हौसाबाईंनी पाठ सरळ केली, पाय आत घेतले, पदर घेतला, कड धरली, बोट आत घातलं, बटण दाबलं. प्रकाश दारात उभा होता. मी खिडकी लावून घेतली, म्हणजे खालचा आवाज थेट वर यायचा नाही. तरीही तो थोडा आलाच.

“जेवलीस का?”

हौसाबाईंनी फोन जरा वर सरकवला. “च्या झालाय.”

मग खालून, “काल गगनबावड्याला गेलतीस का?”

हौसाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. प्रकाश माझ्याकडे बघायला लागला. पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की ऐकू आलं आहे. ज्या उत्तराची गरज आहे ते तोंडातून निघत नाही. ते त्यांनी या माणसाला कधी दिलेलंच नव्हतं.

“अगं बोल की. गेलतीस का?”

“न्हाय,” हौसाबाई म्हणाल्या.

“आँ?” आबा ओरडले.

“न्हाय म्हणलं. कशाला जातीया मी गगनबावड्याला?”

“आँ? काय म्हणलीस?”

“न्हाय,” त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि या वेळी आवाज एवढा होता की फोनची गरज उरली नाही.

आबांनी मग सरळ मुद्द्यालाच हात घातला. “बरं, ते ऱ्हाऊ दे. घर बंद करायचं ठरलंय न्हवं आपलं? म्हस इकायची?”

हौसाबाईंनी पदराची कड आणखी घट्ट धरली. मान खाली, नजर पायांच्या अंगठ्यांवर. थोरल्या दिराशी बोलताना बाईनं जसं बसावं तसं सगळं. त्यात कुठंही कमी नाही.

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “घर बंद करायचं न्हाय. म्हस इकायची न्हाय.” मग त्यांनी रीतीप्रमाणे जोडलं, “जेवलासा काय तुमी?”

आबा वर आले. या वेळी त्यांना वेळ लागला. आले ते बाकावर बसले. टेबलावर हात आपटला नाही.

“मशीन जरा जास्तीच चालाय लागलंय,” ते म्हणाले.

“जास्त नाही. बरोबर चालतंय.”

“पयलं असं नव्हतं बोलत ती.”

“आधी त्यांना ऐकू येत नव्हतं, तुम्ही काय विचारता ते.”

त्यांनी कान माझ्याकडे वळवला. “आँ?”

खाली फोनवरही त्यांनी हेच म्हटलं होतं, एकदा नाही, दोनदा. मी म्हटलं, “आबा, आलाच आहात तर तुमचेही कान तपासू का?”

“मला काय धाड भरलीया?” आबा ताडकन उठले. गुडघ्यावर हात न टेकता उठले, हे मी बघितलं. दारापर्यंत जाऊन, हौसाबाईंकडे न बघता ते प्रकाशला म्हणाले, “एस्टी बघ गारगोटीची. धारंच्या आत पोचाय पायजे तिला.”

निकाल लागला तो एवढाच. तोंडाने कबुली देण्याची पद्धत त्या घरात नाही, आणि मला ती नको होती.

हौसाबाई उठल्या. पदराखालून बोट घालून त्यांनी यंत्र पुन्हा नेहमीसारखं केलं, ते मला सांगावं लागलं नाही. जिन्यात आबा चार पायऱ्या पुढे, त्या मागे, मधे प्रकाश. मधे माणूस सापडल्याबरोबर जुना रिवाज पुन्हा चालू झाला. “त्यास्नी म्हणावं,” त्या प्रकाशच्या पाठीला म्हणाल्या, “सांजच्याला फोन करा.” खालून आबा खाकरले.

या घटनेनंतर मी माझ्या तपासणीत एक बदल केला. पूर्वी मी पेशंटला विचारायचो, फोनवर ऐकू येतं का? यंत्र विकणाराही हेच विचारतो, कारण त्याला ‘हो’ हवं असतं आणि ते त्याला मिळतं. वसुधा घरी फोन वाजला की उचलायच्या आधी विचारायची, “कुणाचा?” मला ते नेहमी निरर्थक वाटायचं; उचलला की कळेलच. आता मी पेशंटला तेच विचारतो. कुणाचा फोन आला की ऐकू येत नाही? उत्तरात कधी सासरा निघतो, कधी साहेब, कधी वेगळा राहिलेला मुलगा. यंत्रातला दोष क्वचित निघतो. पण लोक दुरुस्तीला यंत्रच आणतात, कारण पिशवीत घालून तेवढंच आणता येतं.